बाबिर्येचा नंबर

बुकोम्बे, ४ फेब्रुवारी

किझ्झा,

दोन वर्षं झाली, ना तुझं पत्र ना माझं. आत्ताही लिहिलं नसतं. तू फोनचा नंबर बदललास आणि मला कळवला नाहीस, आणि मीही कधी कुणाकडे मागितला नाही. अरुआच्या ज्या गॅरेजात तू ट्रक उघडून बसतोस त्याचा पत्ता मला बसवाल्या लुबेगाकडून कळला. हे पत्र तो कंपालात अरुआच्या गाडीवाल्याला देईल. दोन दिवसांत पोचतं म्हणाला.

सरळ विचारते, सरळ उत्तर दे. बाबिर्येच्या ओळखपत्रावरचा नंबर तू कुणाला दिलास का?

कार्ड आईच्या पेटीतच आहे, मी परवा उघडून पाहिलं. पण नंबर उतरवून घ्यायला कार्ड न्यावं लागतं थोडंच. बाबिर्येला उडून आठ दिवसही झाले नव्हते, तिच्या ढिगाऱ्यावरची माती ओली होती, तेव्हा तू ते कार्ड खिशात घालून कचेरीत निघाला होतास, तिची नोंद बंद करायला. आईने फाटकाशी तुला अडवलं. तेवढ्या वेळात ते तुझ्याकडे होतं, आणि त्यानंतर त्या पेटीला कुणाचा हात लागलेला नाही.

झालं असं. जानेवारीत दुकानाच्या फोनवर म्बालेहून एका बाईचा फोन आला. बाबिर्ये आहे का म्हणाली. मला वाटलं कुणी जुनी गिऱ्हाईक असेल, हिला अजून कळलं नसेल. मी विचारलं, काय काम आहे. तर ती रडायलाच लागली. माझी मुलगी कुठे पाठवलीस, तिचा फोन का लागत नाही, तू म्हणाली होतीस घरकाम आहे, चांगलं घर आहे. मी म्हटलं, बाई, तुम्ही चुकीच्या ठिकाणी फोन लावलाय. त्यावर तिने करार वाचून दाखवला. मुलींना परदेशी कामाला पाठवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा. खाली सही करणारीचं नाव बाबिर्ये रेस्टिटुटा, गाव बुकोम्बे, फोन आपल्या दुकानाचा, आणि तो चौदा अक्षरांचा नंबर. मी तो लिहून घेतला आणि परवा पेटीतल्या कार्डाशी ताडून पाहिला. एकही अक्षर चुकलं नाही रे.

त्यानंतर असे चार फोन आले. चार वेगळ्या आया. आता फोन वाजला की मी तो कापडाखाली ढकलते. गणवेशाच्या बाह्या उलट्या शिवल्या परवा, वीसच्या वीस. आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मला हिवताप येतोय, ती सारखी कपाळाला हात लावते.

कुणीतरी आपल्या बहिणीचं नाव अंगात घालून फिरतंय, किझ्झा. आणि ते नाव घालून पोरी नेतंय. तू दिला असशील तर सांग. पैशासाठी दिला असशील तरी सांग, मी शिव्या देणार नाही.

नाकातो

बुकोम्बे, १५ फेब्रुवारी

किझ्झा,

चार ओळी. दोन वर्षांनी चार ओळी पाठवल्यास, आणि त्यातही एक मला मूर्ख म्हणण्यात घालवलीस. बरं. तू दिला नाहीस म्हणतोस, मी मानते.

पण पुढे जे लिहिलंस ते मी आईला वाचून कशी दाखवू? पोलिसात जा, ती मेली असं लिहून द्या, नंबर बंद करा. तो शब्द तू परत लिहिलास. आपल्यात जुळं मरत नाही, उडतं, हे मी तुला सांगायचं का? तू जुळ्यांच्या पाठचा, म्हणून तर तुझं नाव किझ्झा. त्या दिवशी सगळ्या गोताच्या देखत तू तो शब्द बोललास आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. एकीला मेली म्हटलं की दुसरीला ओढ लागते, जुळी रुसली की अंगावर भाजल्यासारखे फोड उठतात, हे ऐकतच आपण वाढलो. त्या दोघींतली उरलेली ती मी आहे. तुला बोलायला काय जातं.

असो. हे भांडायला लिहीत नाहीये. इथे एक माणूस आलाय.

मंगळवारी सकाळी मी दुकानात गोमेसीच्या झग्याचे खांदे जुळवत होते. एक उंच, वयस्क माणूस दारात उभा राहिला. पायात धुळीने पांढरे झालेले बूट. मी सवयीने गुडघे टेकून नमस्कार केला. तो मात्र माझ्याकडे बघतच राहिला. मग खिशातून फोन काढून त्याने माझ्यापुढे धरला. त्यात माझा चेहरा होता.

नाव ओकिरोर. कुमीकडचा, कापूस लावतो. त्याची मुलगी अमोंगिन, एकोणीस वर्षांची. पाच महिन्यांपूर्वी ती त्या कंपनीच्या करारावर गेली. एकदाच फोन आला, म्हणाली पासपोर्ट काढून घेतलाय, दार बाहेरून बंद असतं. मग काही नाही. करारासोबत कंपनीच्या बाईचा फोटो होता, तो घेऊन हा माणूस तीन बस बदलून आपल्या गावात आला आणि चौकात विचारत विचारत माझ्या दारात पोचला. त्याला शोधायला फार कष्ट पडले नाहीत. सगळ्यांनी बोट दाखवलं.

मी म्हटलं, ती माझी जुळी बहीण आहे. तो म्हणाला, मग तिला बोलवा. मी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. तेवढ्यात आई मागून आली, एका हातात सोललेली केळी. तिने फोनकडे पाहिलं. तिने त्या माणसाकडे पाहिलं. आणि म्हणाली, "ती इथं नाही."

"मग मी थांबतो," तो म्हणाला.

आणि खरंच थांबलाय. दुकानासमोर जो फणस आहे ना, त्याच्याखाली बसतो. गावच्या चेअरमनच्या घरी झोपतो, सूर्य वर आला की येऊन बसतो, अंधार पडायच्या आत जातो. ओरडत नाही, शिव्या देत नाही. मी मशीनवर मान खाली घातली तरी मला माहीत असतं की तो बघतोय. तिसऱ्या दिवशी मला राहवेना, मी त्याला चहा पाठवला. तो प्यायला, मग त्याने कप धुऊन पायरीवर आणून ठेवला. मला वाटलं होतं तो फेकून देईल, फेकला असता तर बरं वाटलं असतं.

त्या फोटोबद्दल अजून एक गोष्ट आहे. ती आज लिहीत नाही.

नाकातो

बुकोम्बे, २४ फेब्रुवारी

किझ्झा,

पोलिसांचा कागद आला. कलिसिझोच्या ठाण्यातून, चेअरमनच्या हाती. बाबिर्ये रेस्टिटुटा हिने सात मार्चला हजर राहावं, न राहिल्यास पकडून आणलं जाईल. चेअरमन सेबोवा स्वतः घेऊन आला आणि दुकानात शिरून दार ओढून घेतलं. मला म्हणाला, बाबिर्येला घेऊन ये. मी म्हटलं, चेअरमन, तुम्ही तिच्या खड्ड्यावर माती टाकलीत, तुम्ही आमच्याकडे जेवलात. तर म्हणतो, माती मी टाकली, पण कागद कुठे आहे? माझ्या वहीत ती जिवंत आहे. गेल्या वर्षीच्या मोजणीला तुझ्या आईने सांगितलं, घरात जुळ्या मुली दोघी, मी दोघी लिहिल्या आणि शिक्का मारला. आता मी मेली लिहिलं तर पहिला मी आत जाईन.

तो घाबरलाय हे बघून मला जास्त भीती वाटली. चेअरमनला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

आता ऐक. तू उचलली जीभ लावली टाळ्याला असं करणारा माणूस आहेस, तरी हे वाचून झाल्यावर अर्धा तास गप्प बस आणि मग काय बोलायचं ते बोल.

नंबर मी दिला.

गेल्या जूनमध्ये चर्चच्या पटांगणात दोन बाया आल्या होत्या. हिरवे शर्ट, गळ्यात पट्टी, मोठा फलक. धूर न होणाऱ्या मातीच्या चुली फुकट वाटणार होत्या, नावामागे एक. कार्ड दाखवायचं, नंबर लिहून घेणार, उजेडात उभं करून चेहऱ्याचा फोटो काढणार, सही. गावातल्या अर्ध्या बायका रांगेत. मी सकाळी जाऊन नाव दिलं आणि घरी येऊन आईला सांगितलं की एक चूल मिळणार.

आई मला म्हणाली, या घरात जुळ्यांसाठी एकटी वस्तू कधी आलेली नाही. बाबाने एक फ्रॉक आणला तर परत पाठवलाय मी. दोन आण नाहीतर आणू नको.

तुला माहीत आहे ती कशी बोलते. आवाज चढवत नाही. मी दुपारी ब्लाउज बदलला, नवा निळा, लेसच्या कॉलरचा, डोक्याला रुमाल बांधला, बाबिर्येचं कार्ड घेतलं आणि परत रांगेत उभी राहिले. त्यातल्या एका बाईने कार्डकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हसली. चेहरा जुळला की झालं म्हणाली. मीही हसले. वाटलं, सरकारचं काय जातंय, कुणाचं काय जातंय. घरी येताना मला हसूच आवरेना. बाबिर्ये असती तर आम्ही दोघी पोट धरून हसलो असतो. खरं सांगू का, त्या दुपारी तिचं नाव कुणीतरी मोठ्याने पुकारलं आणि मी पुढे गेले, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

चुली आल्या, बरं का. दोन्ही आल्या. एकीवर मी मटोकेची केळी शिजवते, दुसरी आईने अजून पेटवलेली नाही.

ओकिरोरच्या फोनमधल्या फोटोत तो निळा ब्लाउज आहे. कॉलर मी स्वतः लावलेली, डाव्या बाजूला लेस थोडी कमी पडली होती ती पण दिसते. तो ब्लाउज शिवला तेव्हा बाबिर्येला उडून वर्ष होऊन गेलं होतं. म्हणून मी त्या दिवशी तोंड उघडू शकले नाही.

आणि तरी पहिल्या पत्रात मी तुलाच विचारलं, तू दिलास का. तेव्हा मला माहीत होतं. पूर्ण नाही, पण पोटात माहीत होतं. तुझ्यावर ढकललं की चार रात्री झोप लागेल असं वाटलं होतं. नाही लागली.

नाकातो

बुकोम्बे, ३ मार्च

किझ्झा,

तुझं पत्र आलं. या वेळी शिव्या नाहीत, मला वाटलं होतं त्याहून तू मोठा झालास. शुक्रवारी येतो म्हणतोस. येऊ नको. का ते विचारू नको, येऊ नको म्हणजे नको.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. इकडे आड तिकडे विहीर आहे. बाबिर्ये जिवंत आहे असं म्हटलं तर पोलिस तिला मागणार, आणि तिचा चेहरा माझ्या धडावर आहे, ते मलाच नेणार. ती नाही असं म्हटलं तर पहिला प्रश्न येणार, मग जूनमध्ये फोटो कुणी काढून घेतला? तरी मीच. चोरांनी काही चोरलंच नाही बघ. मी सजून गेले आणि हातात ठेवून आले. मूठ झाकून ठेवावी म्हटलं तर मूठ समोर फणसाखाली बसलीये.

दुकान बंद केलंय. गणवेश शेजारच्या नामिरेम्बेला देऊन टाकले, सांगितलं डोळे दुखतात. आईला सगळं कळलंय, मी सांगितलं नाही, सेबोवाने सांगितलं. ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, पण रोज सकाळी माझे हात उलटेसुलटे करून बघते. फोड आलेत का बघते. आणि मीही बघते, किझ्झा. तू हसशील. आंघोळ करताना मी पाठ आरशात बघते.

गेल्या गुरुवारी मी पळायचं ठरवलं होतं. मुतुकुलाला मावशी आहे, सीमेपलीकडे तिच्या ओळखीचे लोक आहेत. पिशवीत दोन कपडे, कात्री, टेप. मागच्या केळीतून निघाले. ओकिरोर तिथेच उभा होता, बागेच्या कडेला, जिथे आपण बाबिर्येला ठेवलंय तिथे. त्याला कुणी सांगितलं मला माहीत नाही, गावात तोंडं काय कमी आहेत. तो त्या ढिगाऱ्याकडे बघत होता. मग माझ्या पिशवीकडे पाहिलं.

मला वाटलं आता हा ओरडेल, लोक जमतील, मला ओढत नेतील. तो आपल्या भाषेत अडखळत बोलतो, एकेक शब्द निवडून. म्हणाला, "तुला तुरुंगात बघून मला काय मिळणार आहे? त्या बायांचं तोंड फक्त तू बघितलंयस."

मी म्हटलं, मला आठवत नाही. खोटंच.

तो म्हणाला, पोलिस तुझ्या बहिणीला शोधतायत. जी नाही तिला. ते तिला शोधत बसतील तेवढे दिवस त्या बाया मोकळ्या, आणि माझी अमोंगिन कोंडलेली. तू गेलीस तर तुलाही शोधतील. मग कायमचंच झालं. एवढं बोलून तो बाजूला झाला, मला वाट दिली. अडवलं असतं तर मी गेलेच असते, कुणी अडवलं की मी हट्टाला पेटते हे तुला माहीत आहे. वाट दिल्यावर माझे पाय उचलेनात. मी पिशवी घेऊन घरी परत आले आणि कात्री होती तिथे लावून ठेवली.

मला फार भीती वाटते रे. बाबिर्ये असताना मला कशाची भीती वाटायची नाही, दोघीत अर्धी अर्धी व्हायची.

येत्या गुरुवारी सात तारीख आहे. मी जाणार. आई म्हणते ती पण येणार. ती तिथे काय बोलेल मला माहीत नाही. ती ऐनवेळी बाबिर्ये जिवंत आहे म्हणाली, तर मी काय करू? आईला पोलिसांसमोर खोटं पाडू?

नाकातो

कलिसिझो, ७ मार्च, दुपार

किझ्झा,

बसस्टँडवर बसून लिहितेय, लुबेगाची गाडी अर्ध्या तासात आहे, म्हणून अक्षर असं. दुकानाचा फोन पोलिसांनी ठेवून घेतलाय. हे पत्र परवा, शनिवारी तुझ्या हातात पडलं पाहिजे. लुबेगाला सांगते, अरुआच्या गाडीवाल्याला बजाव की दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नको, त्याच्याच हाती दे.

ठाण्यात एक अधिकारी बाई आहेत, कोबुसिंगे. चांगल्या आहेत, पण हसत नाहीत. मी, आई आणि चेअरमन बाकावर. ओकिरोर बाहेर ओट्यावर. त्यांनी कागद पुढे घेतला आणि विचारलं, बाबिर्ये रेस्टिटुटा कोण. मी म्हटलं, माझी बहीण. कुठे आहे. मी त्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिले, तिथे कुणीतरी पेनने फूल काढलं होतं. चेअरमन खोकला. पंखा फिरत होता.

आईने माझं मनगट धरलं. दुखेल इतकं घट्ट. म्हणाली, "लिही बाई. मेली. मी धुतली तिला, मी गुंडाळली. बाबिर्ये मेली, आणि ही नाकातो आहे, ही माझ्याजवळ आहे."

कोबुसिंगे बाईंनी लिहून घेतलं. त्यांना काय कळणार काय झालं ते. आपल्या आईने तो शब्द तोंडातून काढला, किझ्झा. तू काढलास म्हणून तिने तुला घराबाहेर काढलं होतं आणि मी तुला मारलं होतं. तू बरोबर होतास. हे मी लिहून देते, पाहिजे तर चेअरमनचा शिक्का मारून देते. त्या दिवशी तुला कचेरीत जाऊ दिलं असतं तर आज ओकिरोर आपल्या कापसात असता आणि त्याची मुलगी त्याच्या घरात.

मग मी सगळं सांगितलं. ब्लाउज, रुमाल, दुपारची रांग. मी आत जाईन असं वाटून कपडे बरोबर आणले होते. त्यांनी विचारलं त्या बाया कशा होत्या. एक डाव्या हाताने लिहिणारी, तिच्या हनुवटीवर जुन्या टाक्याची खूण. दुसरी सारखी आलं चघळायची, खिशात आल्याचे तुकडे ठेवायची. पांढरी गाडी, मागच्या काचेला तडा, त्यावर तपकिरी पट्टी. गाडीचं बोलले तशा त्या उठल्या, आतल्या खोलीतून एक फाइल आणली, पानं उलटली आणि पुन्हा विचारलं, तपकिरी का, नक्की तपकिरी? मी म्हटलं, मी शिंपीण आहे, रंग मी विसरत नाही. त्यांनी लगेच फोन लावला. काय बोलल्या ते कळलं नाही. मला घरी जाऊ दिलं, पण गाव सोडायचं नाही, आणि सोमवारी नऊला परत यायचं.

इथवर बरं आहे. आता जे तुला आधी सांगायला हवं होतं ते.

निघता निघता त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाल्या, तुझ्या बहिणीने नुसत्या सह्या केल्यात. कंपनीचा मालक दुसराच आहे. आणि वाचून दाखवलं. किझ्झा अनातोली, गाव बुकोम्बे, आणि तुझा नंबर.

चुलीच्या अर्जात एक रकाना होता, घरातला पुरुष. तो भरला तर चूल लवकर येईल असं त्या आलं चघळणाऱ्या बाईने सांगितलं. तुझ्या ओळखपत्राची लायसन्सच्या वेळची झेरॉक्स आईच्या पेटीत होती, बाबिर्येच्या कार्डाखाली. मी ती नेली होती. तो नंबर मी माझ्या हाताने लिहिला, सुंदर अक्षरात. मागच्या पत्रात म्हणूनच येऊ नको म्हटलं. तुझा चेहरा इथे दिसला की ते तुलाच धरतील असं वाटलं. घर फोडून चोराने न्यावं तसं काही झालंच नाही रे, मी तीन भावंडांची तीन नावं एका रांगेत नेऊन मांडली. त्यांच्या कागदावर बाबिर्ये आणि तू मिळून पोरी विकता.

हा भाऊ का, त्यांनी विचारलं. हो म्हटलं. कुठे असतो. माहीत नाही म्हटलं. दोन वर्षं भांडण आहे, माहीत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. कोबुसिंगे बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत आठव.

बाहेर ओकिरोर उभा होता. आम्ही बसस्टँडपर्यंत बरोबर चालत आलो, आई माझं मनगट सोडायलाच तयार नव्हती. त्याने आईसाठी शेंगदाणे घेतले. आणि मला त्याचंच वाक्य आठवत होतं, ते नसलेल्या माणसाला शोधत बसतील तेवढे दिवस त्या बाया मोकळ्या. आता बाबिर्येच्या जागी ते तुला शोधणार. मी माहीत नाही म्हटलं म्हणजे त्या बायांना अजून एक नाव दिलं लपायला. आत्ता, ठाण्यात, परत एकदा दिलं.

म्हणून नीट ऐक. पळू नको. गॅरेजात लपू नको, मित्राचा सल्ला घेऊ नको, गावी येऊ नको. शनिवारीच अरुआच्या पोलिसांत जा. सांग, हा नंबर माझा आहे, हे काम माझं नाही. नंबर कुणी दिला विचारलं तर माझं नाव सांग, लाजू नको. तक्रार लिहून घ्यायला लाव, तारीख घालायला लाव, आणि त्याचा कागद घेतल्याशिवाय तिथून उठू नको. त्यांनी उद्या या म्हटलं तरी उठू नको.

मी तुला मारलं होतं त्याची माफी मागते. इथे बसस्टँडवर, आईच्या देखत मागते. पण तुझ्यासाठी खोटं बोलणं मला जमणार नाही, त्या माणसाची मुलगी कुठल्यातरी खोलीत आहे आणि तिचं दार बाहेरून बंद आहे.

सोमवारी सकाळी नऊला मी त्यांना अरुआ सांगणार आहे. गॅरेजचं नावही सांगणार आहे. त्याच्या आधी तू स्वतः गेलेला असलास तर तू तक्रार करणारा, नाहीतर तू पळालेला मालक. मधे फक्त शनिवार आणि रविवार आहे.

तुझी बहीण,
नाकातो